डायलिसिस आणि हाडं: कॅल्शियम द्यायचं की नाही?

सांजसकाळ (धागाकर्ती):

आई साडेपाच वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. सुया, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली जाड शीर), पाणी मोजून पिणं, सगळं अंगवळणी पडलंय. पण गेल्या वर्षभरात नवीनच दुखणं सुरू झालंय. कंबर, मांड्या, टाचा ठणकतात. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर जोर देऊन उठते. आणि गेल्या महिन्यात मनगट मोडलं. पडलीही नव्हती हो. तोल जातोय असं वाटलं म्हणून दाराची कडी घट्ट धरली, तेवढ्यावर मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, "हाडं ठिसूळ झालीत" म्हणाले आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या डायलिसिसला किडनीच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी पाहिली आणि कॅल्शियमवर सरळ काट मारली. "आधी पीटीएच करू, मग बोलू." केलं. (पीटीएच म्हणे मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन.) रिपोर्ट असे: कॅल्शियम ९.४ म्हणजे नॉर्मल; फॉस्फरस ७.३, पीटीएच १,१४० आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची उलाढाल वाढली की वाढतं ते) तिन्ही वाढलेले.

आता माझा गोंधळ. याच किडनीच्या डॉक्टरांनी दिलेल्या एका पाकिटावर चक्क 'कॅल्शियम ॲसिटेट' लिहिलंय! म्हणजे ह्यांचं कॅल्शियम चालतं आणि त्यांचं चालत नाही? आईचं म्हणणं, "हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी, शेंबड्या पोरालाही कळेल." डॉक्टर राउंडला येतात तेव्हा दोन मिनिटं उभे राहतात आणि नेमकं तेव्हाच मला काही सुचत नाही. कुणाला अनुभव आहे का?

उंटावरचा_शहाणा:

वाचतोय. सासऱ्यांचंही असंच चाललंय. फरक इतकाच की त्यांना दोन्ही डॉक्टरांचं पटत नाही, फक्त स्वतःचं पटतं.

टिपकागद:

गोळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा दूध वाढवा, सकाळचं कोवळं ऊन द्या. नैसर्गिक कॅल्शियम केव्हाही चांगलं. माझी आजी नव्वदीपर्यंत दूध पीत होती, एक हाड मोडलं नाही.

चारतासवाला:

टिपकागद, आजींना नमस्कार. पण त्यांच्या किडन्या शाबूत होत्या ना? मग तो दाखला इथे लावू नका. दूध म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही, दोनशे मिलीलीटर दुधात जवळजवळ १८० ते २०० मिलीग्रॅम फॉस्फरस येतो. आमच्यासारख्यांच्या हाडांचं वाटोळं तोच करतो.

सांजसकाळ, मी स्वतः अकरा वर्षं मशीनवर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चांगली किडनी रोजचा जास्तीचा फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकते. आमची टाकत नाही. मशीन काढतं, पण ते बादलीने विहीर उपसण्यासारखं आहे. ढोबळ हिशेब सांगतो, मला आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर मांडून दाखवला होता. रोज खाण्यातून साधारण १,००० मिलीग्रॅम फॉस्फरस पोटात जातो, त्यातला ६०० च्या आसपास रक्तात उतरतो. आठवड्याचे झाले ४,२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० निघतो, तीन वेळा धरून २,४००. उरलेले १,८०० कुठे जाणार? हा खड्डा भरायला त्या गोळ्या असतात, ज्यांना आम्ही बाईंडर म्हणतो.

तुमच्या पाकिटावरचं कॅल्शियम ॲसिटेट हे असंच बाईंडर आहे. ते जेवणासोबत घेतलं की पोटातच अन्नातला फॉस्फरस धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. तेच रिकाम्या पोटी घेतलं तर धरायला काही नसतं, मग त्यातलं कॅल्शियमच जास्त प्रमाणात रक्तात जातं. म्हणजे ह्यांचं-त्यांचं असा प्रश्न नाही, गोळी कधी घेतली हा आहे.

म्हणून आधी एकच विचारतो. आई ती गोळी नक्की कधी घेतात?

सांजसकाळ:

अकरा वाजता. बीपीची, हृदयाची, ती आणि आणखी एक, सगळ्या एकदम. जेवण एक वाजता असतं. :(

चारतासवाला:

मग झालं तर. इतके दिवस त्या हाडांच्या डॉक्टरांचंच औषध घेतायत म्हणायचं.

निकषमापक:

मी पॅथॉलॉजीत आहे, रुग्ण तपासत नाही, फक्त नळ्या बघते. पण पीटीएचबद्दल बोलू शकते.

मानेत थायरॉइडच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. पॅराथायरॉइड. (थायरॉइडशी नावापुरता शेजार, कामाचा संबंध नाही. दर आठवड्याला कुणीतरी पीटीएचचा रिपोर्ट घेऊन "माझं थायरॉइड वाढलंय का" विचारतं.) रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची सतत नजर असते. किडनी बिघडली की दोन गोष्टी होतात. फॉस्फरस साचतो, आणि ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्याची शेवटची पायरी जी किडनीत व्हायची ती होत नाही. टिपकागद यांचं ऊन इथे अडतं. कातडीने ड बनवलं, यकृताने त्यावर पहिला हात फिरवला, पण शेवटचा शिक्का मारणारं कार्यालयच बंद. ऊन वाईट नाही, ड कमी असेल तर डॉक्टर ते भरूनही काढतात, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून तयार शिक्का मारलेलं कॅल्सिट्रिऑल किंवा त्याची भावंडं द्यावी लागतात.

ड कामाचं नाही म्हणून आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. ग्रंथींना वाटतं कॅल्शियम कमी पडतंय, त्या पीटीएच सोडतात. पीटीएच हाडाला म्हणतं, तुझ्यातलं दे. हाड देत राहतं. आईंचं कॅल्शियम ९.४ म्हणजे अगदी नॉर्मल दिसतं ना? ते हाड विकून आणलेलं नॉर्मल आहे. सांजसकाळ, आईंना एवढंच सांगा की रक्तात कॅल्शियम कमी नाही, ते चुकीच्या तिजोरीतून येतंय.

टिपकागद:

हाड विकून आणलेलं नॉर्मल. हे डोक्यात बसलं. दुधाचा सल्ला मागे घेतो.

उंटावरचा_शहाणा:

अवांतर: फॉस्फरसचा शोध मुळात लघवीतूनच लागला, माहितीये का? १६६९, हँबर्ग, हेनिग ब्रांट नावाचा किमयागार. सोनं मिळेल म्हणून ढीगभर लघवी आटवत बसला आणि हाती आला अंधारात चमकणारा फॉस्फरस. डायलिसिसवाल्यांची लघवी बंद, म्हणजे हा पठ्ठ्या आतच कोंडलेला.

चारतासवाला:

त्यानेच आमच्या पाठीला खाज सुटते. चमकलो असतो तर निदान विजेचं बिल वाचलं असतं.

खाजेवरून आठवलं. फॉस्फरस ८ च्या वर होता तेव्हा मी रात्री दाराच्या चौकटीला पाठ घासायचो, म्हशीसारखा. बायकोने लाकडी फणी आणून दिली, तिचे दोन दात मोडले. कातडीच्या डॉक्टरांकडे तीन महिने मलमं लावत बसलो. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी मागितला नाही, मीही दाखवला नाही.

पानगळ:

इथे सगळे वाढलेल्या पीटीएचबद्दल बोलताहेत म्हणून उलटी बाजू लिहिते.

बाबांचं पीटीएच कमी होतं, ५८. आम्ही खूश! वाढलेलं नाही म्हणजे छान. आणि तरीही मांडीचं हाड मोडलं. मग कळलं की डायलिसिसच्या माणसाचं पीटीएच निरोगी माणसाइतकं असणं हीच गडबड असते. हाड सतत थोडं मोडून थोडं बांधलं जात असतं, त्या कामाला पीटीएच थोडं लागतंच. ते फारच दाबलं की हाडाचं कामकाज बंद पडतं. मोडतोड नाही की बांधकाम नाही. बारीक तडे तसेच राहतात. ॲडायनॅमिक बोन म्हणतात त्याला. बाबांना मधुमेह होता आणि आधी बरीच वर्षं कॅल्शियमची बाईंडर आणि ड एकत्र चालू होतं, ही दोन्ही कारणं डॉक्टरांनी सांगितली. असं निजलेलं हाड रक्तातलं जास्तीचं कॅल्शियमही सामावून घेत नाही, मग ते रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं.

त्यांच्या हाताचा एक्स-रे मी अजून ठेवलाय. हाडं धुरकट, आणि मनगटापासून अंगठ्याकडे जाणारी एक पांढरी स्वच्छ रेघ. मला वाटलं फिल्मवर केस पडलाय, बोटाने पुसायला गेले. ती रक्तवाहिनी होती.

निकषमापक:

पानगळ, शंभर टक्के. म्हणूनच केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (२००९ ची, मग २०१७ ची सुधारणा) डायलिसिसवरच्यांचं पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट असावं असं म्हटलंय. वरची मर्यादा ६५ धरली तर १३० ते ५८५. एका आकड्यावर उड्या मारायच्या नाहीत, चढतंय की उतरतंय ते बघायचं. आणि कृपया दर वेळी एकाच लॅबमधून करा. पीटीएचचे किट वेगवेगळे असतात, रक्तातले त्या हार्मोनचे तुकडे मोजण्यात फरक पडतो. एकाच दिवशी दोन लॅबमध्ये केलं तरी आकडे जुळतीलच असं नाही, आणि मग लोक लॅबवर चिडतात.

१,१४० आणि सोबत वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज म्हणजे हाड जोरात झिजतंय याकडे बोट जातं. खात्री फक्त हाडाच्या बायोप्सीने होते, कमरेच्या हाडातून तुकडा काढून. त्याआधी ठरावीक दिवसांच्या अंतराने टेट्रासायक्लिनचे दोन डोस देतात. ते नव्या हाडात जाऊन बसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमकतं. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मधल्या काळात किती हाड बांधलं गेलं ते. फार सुंदर दिसतं. पण फार थोड्या ठिकाणी करतात.

गवतीचहा:

हाडांसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं ना, डेनोसुमॅब? माझ्या मावशीला दिलं, तिला छान फरक पडला. तेच का नाही देत?

निकषमापक:

मावशी डायलिसिसवर आहेत का? नसतील तर तुलना नको. डायलिसिसवरच्या माणसाला त्याने कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये नेमक्या याच रुग्णांसाठी सगळ्यात कडक चौकटीतला इशारा छापायला लावला. कधीच देत नाहीत असं नाही, पण किडनीच्या डॉक्टरांच्या देखरेखीत, वरचेवर कॅल्शियम तपासत. हाडांच्या नेहमीच्या दुसऱ्या गोळ्या, बिसफॉस्फोनेट, किडनीवाटेच बाहेर पडतात, त्यामुळे तिथेही जपून.

थोडक्यात, साध्या ठिसूळपणाचं औषध इथे आंधळेपणाने लावायचं नाही. हाडांच्या डॉक्टरांची चूक म्हणणार नाही, त्यांनी मोडलेलं मनगट पाहिलं. पण दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

जुनापंप:

निवृत्त डायलिसिस टेक्निशियन. सहसा लिहीत नाही, पण हाडांचा विषय निघाला म्हणून.

आज तुम्ही फॉस्फरसवर बोलताय. आमच्या आधीच्या पिढीने ॲल्युमिनियम पाहिलं. एका चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. पाणी स्वच्छ करायला तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात. पिणाऱ्याला काही होत नाही, पण डायलिसिसमध्ये ते थेट रक्तात उतरायचं. शिवाय फॉस्फरसवर बाईंडर म्हणून द्यायचे तेही ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड! १९७० च्या दशकात लक्षात आलं की काही केंद्रांमध्ये रुग्णांची हाडं पटापट मोडताहेत, बोलताना जीभ अडखळतेय, विसरभोळेपणा येतोय. ड जीवनसत्त्व दिलं तरी हाड सुधारेना. पाण्याला आरओ बसवलं, गोळ्या बदलल्या, तेव्हा ते आटोक्यात आलं.

म्हणून सांगतो, आरओच्या खोलीत डोकावणाऱ्या नातेवाइकाला हाकलू नका. मी मुद्दाम दाखवायचो. गेजकडे बोट करून सांगायचो, हा तुमच्या बाबांच्या हाडांचा काटा.

चारतासवाला:

जुनापंप काका, सलाम. तुमच्यासारखा एक जण भेटला की चार तास दोन तासांचे होतात.

पेनाचीरिफिल:

माझा मुद्दा वेगळा आहे. दीर सतरा वर्षं डायलिसिसवर. दोन्ही खांदे दुखतात, रात्री बोटं बधिर होतात, हात झटकत उठतात. आम्ही सगळं पीटीएचच्या नावावर मांडत होतो, पण तो आकडा बरोबर होता. शेवटी निघालं वेगळंच. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन किडनी काढत नाही, जुन्या फिल्टरांतून नीट निघत नाही, आणि वर्षानुवर्षं सांध्यांत आणि मनगटाच्या बोगद्यात साचतं. मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं, बधिरपणा गेला. खांदे तसेच आहेत. आता हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या फिल्टरवर आहेत.

तेव्हा फार वर्षं झालेल्यांनी प्रत्येक दुखणं फॉस्फरसच्या माथी मारू नये.

खमंगवादी:

फॉस्फरसच्या आहारावर कुणी नीट लिहिलं नाही. मी आहारतज्ज्ञ.

लोक डाळी आणि शेंगदाणे बंद करून बसतात, प्रथिनं कमी पडतात, माणूस वाळतो. वनस्पतींतला फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला असतो, आपल्याला तो पूर्ण शोषता येत नाही. खरा चोर डब्याबंद पदार्थांत असतो. टिकवण्यासाठी, रसरशीतपणासाठी फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात आणि ते जवळजवळ सगळेच्या सगळे शोषले जातात. प्रक्रिया केलेलं मांस, चीजचे तयार काप, गडद रंगाची कोला पेयं. पाकिटावर बारीक अक्षरांत 'फॉस्फेट' हा शब्द शोधा, किंवा ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२ हे क्रमांक. चष्मा लावून वाचा. ते अक्षर मुद्दामच तेवढं बारीक असावं अशी मला दाट शंका आहे.

आणि बाईंडर पहिल्या घासापासून, फार तर जेवता जेवता. न जेवता गेलात तर बाईंडरही नको. लँथेनम नावाच्या बाईंडरची गोळी असेल तर नीट चावून. एकांनी अख्खी गिळली आणि पोटाच्या एक्स-रेत ती नाण्यासारखी चमकत होती, घरचे घाबरले की आजोबांनी काय गिळलं.

चारतासवाला:

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण धाग्याचा प्रश्न त्यात आहे.

माझं पीटीएच २,००० च्या वर गेलं होतं. आधी सिनाकॅल्सेट दिलं. ते ग्रंथीला फसवतं, रक्तात कॅल्शियम भरपूर आहे असं भासवतं, मग ती शांत बसते. बऱ्याच जणांना लागू पडतं. मला इतकी मळमळ व्हायची की जेवणच सुटलं. डोस कमी केला, रात्री घेतलं, जमलं नाही. शेवटी ऑपरेशन. मानेतल्या चारही ग्रंथी काढल्या आणि एकीचे बारीक तुकडे उजव्या हाताच्या कातडीखाली पेरले. डावा हात फिस्टुलाचा, त्याला कोण धक्का लावणार.

दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. मग बोटं वाकडी व्हायला लागली. वर्षानुवर्षं लुटलेलं हाड, पीटीएचचा चाबूक थांबल्याबरोबर, रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेत होतं. हंग्री बोन म्हणतात, भुकेलं हाड. शिरेतून कॅल्शियम सुरू केलं, दर काही तासांनी रक्त. घरी आलो तेव्हा सोबत कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा, दिवसाला मूठभर, आणि मुद्दाम दोन जेवणांच्या मध्ये. ज्या गोळीवर दहा वर्षं काट होती तीच!

म्हणून 'कॅल्शियम द्यायचं की नाही' याला एक उत्तर नाहीच. मला एका वर्षात दोन्ही उत्तरं मिळाली. पायांचं दुखणं मात्र पंधरा दिवसांत पन्नास टक्के गेलं, खाज तर तिसऱ्याच दिवशी.

गवतीचहा:

ट्रान्सप्लांट झालं की हे सगळं आपोआप सुटतं ना?

चारतासवाला:

बरंचसं. पण ग्रंथी खूप मोठ्या झाल्या असतील तर नवी किडनी आली तरी त्या ऐकत नाहीत, कॅल्शियमच वर चढतं. वर स्टेरॉइड असतात, त्यांचा हाडांवर वेगळा हिशेब. यादीत नाव असेल तर उलट आत्ताच पीटीएच ताब्यात ठेवायला सांगतात.

सांजसकाळ:

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. तुमचे प्रतिसाद छापून डॉक्टरांपुढे धरायची हिंमत झाली नाही, पण पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले. ते चक्क वीस मिनिटं बसले.

हाडांच्या डॉक्टरांचं कॅल्शियम बंदच. कॅल्शियम ॲसिटेट कमी करून कॅल्शियम नसलेलं बाईंडर, सेव्हेलामर, दिलंय, जेवणाच्या मध्यावर. थोडं सिनाकॅल्सेट सुरू, कॅल्शियम दर आठवड्याला बघणार. पीटीएच तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. आणखी एक गोष्ट, जी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती: आईचा तोल डायलिसिसच्याच संध्याकाळी गेला होता. पाणी जास्त निघत होतं, बीपी पडत होतं. ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावर किती वजन उरायला हवं तो आकडा) अर्धा किलोने वाढवलंय. ते म्हणाले, हाड सुधारायला महिने लागतील, पडणं आजपासून थांबवता येतं.

आता खरी कबुली. काल आईच्या जुन्या चष्म्याचं घर उघडलं तर आत कॅल्शियम ॲसिटेटच्या चाळीसेक गोळ्या. अकरा वाजताही ती रोज घेत नव्हतीच! "पोट घट्ट होतं गं त्यांनी, आणि तुला सांगितलं तर तू ओरडतेस." मी ओरडले नाही. (थोडी ओरडले.) डॉक्टरांना फोन केला, पोटासाठी सौम्य औषध दिलंय. आता गोळी ताटाच्या कडेला ठेवते, मिठाच्या जागी. मीठ तसंही तिला बंदच आहे.

पानगळ:

ताटाची कडा! आम्हाला हे बाबांच्या वेळी सुचलं असतं तर. मनगट कसं आहे?

सांजसकाळ:

प्लास्टर निघालं. चहाचा कप धरते, अर्धाच भरलेला. पाणी मोजायचं म्हणून अर्धा असं ती सांगते, पण दोन हातांनी धरते.

उंटावरचा_शहाणा:

धागा वाचून सासऱ्यांच्या चष्म्याचं घर तपासलं. आत चष्मा निघाला, वाटलं चला, आमचा माणूस प्रामाणिक आहे. गोळ्या आज गॅलरीतल्या कुंडीत सापडल्या.